इंटरस्टेट ७७ वरच्या बोलिंग ॲली

अमेरिकेहून परत आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय काय पाहिलंत?" नायगारा, स्वातंत्र्यदेवी, व्हाइट हाऊस ही उत्तरं मागच्या खेपेला देऊन झाली. २०२४ च्या जूनमध्ये लेकीकडे गेलो त्या वेळचं खरं उत्तर "बोलिंग ॲली" असं आहे. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. माझ्या धाकट्या जाऊबाई तर म्हणाल्या, "अहो, ते आता पुण्यातल्या मॉलमध्येसुद्धा आहे की!" आहे, बरं का. पण मी सांगतेय ती गोष्ट वेगळी.

झालं असं, की लेक राहते ओहायोत, ॲक्रनजवळ. नातू तिथल्या हायस्कूलच्या बोलिंग संघात आहे. (हो, शाळेचा बोलिंगचा संघ असतो. कबड्डीचा असावा तसा.) लेक-जावयांनी सुट्टीत दक्षिणेला चार्ल्सटनच्या समुद्रापर्यंत गाडीने जायचं ठरवलं. ॲक्रनवरून इंटरस्टेट ७७ हा रस्ता जो सुटतो तो ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना असं करत थेट साउथ कॅरोलिनातल्या कोलंबियापर्यंत जातो. नातवाने एकच अट घातली. रोज एका लहान गावातल्या बोलिंग ॲलीत थांबायचं आणि तीन डाव खेळायचे. आमच्या ह्यांनी 'बोलिंग' ऐकून आधी उत्साहाने बुमराचं नाव घेतलं, मग खुलासा झाल्यावर पेपर उघडला. मी मात्र इतिहास शिकवण्यात चौतीस वर्षं घालवलेली बाई. कुठल्याही जागी गेलं की ही इथे कधी आली, कोणी आणली आणि आत कोणाला येऊ देत होते, हे प्रश्न माझ्या डोक्यात आपोआप येतात. त्यातला तिसरा प्रश्न या प्रवासात फार महत्त्वाचा ठरला, पण त्याकडे नंतर येते.

आधी जागा कशी असते ते सांगते. बाहेरून पाहाल तर गोडाऊनच. सपाट छप्पर, खिडक्या नाहीत, समोर ऐसपैस पार्किंग आणि उंच खांबावर पिन आणि चेंडू काढलेली पाटी, बहुतेक वेळा त्यातले दोन दिवे गेलेले. आत शिरलं की मेणा-तेलाचा, बटाटे तळल्याचा आणि जुन्या गालिच्याचा मिळून एक वास. आणि तो आवाज! लांबून गडगडत जाणारा चेंडू आणि शेवटी पिनांचा कडकडाट. काउंटरवर पायाचं माप सांगायचं आणि भाड्याचे बूट घ्यायचे. दुसऱ्याने घातलेले बूट घालायचे म्हटल्यावर मी जरा अंग चोरलं, पण काउंटरवरच्या बाईंनी माझ्यादेखत आत औषधाचा फवारा मारला आणि वर "स्वीटी" म्हणाल्या. पंच्याहत्तरीला टेकलेल्या बाईला कोणी स्वीटी म्हटल्यावर काय बोलणार? घातले.

पट्टी साठ फूट लांब असते, म्हणजे चेंडू सोडायच्या रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंत. रुंदी साडेतीन फुटांच्या आसपास. जुन्या पट्ट्या लाकडाच्या. चेंडू आदळतो तिथे आणि पिना उभ्या असतात तिथे कठीण मेपल, मध्ये मऊ पाइन. त्यावर तेलाचा पातळ थर देतात आणि तो सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे मुरलेला खेळाडू तेल कुठे संपतं ते ओळखून चेंडू वळवतो. पिना दहा, प्रत्येक पंधरा इंच उंच. चेंडू जास्तीत जास्त सोळा पौंडांचा. मी सहा पौंडांचा घेतला, दोन्ही हातांनी, लगोरी फोडायला जावं तशी वाकून सोडला. तो इतका सावकाश गेला की नातवाचं सरबत पिऊन झालं. पण तीन पिना पडल्या!

लगोरीचं नाव आपसूक आलं खरं. आपल्या खेळात पाडणं सोपं आणि रचणं अवघड, धपाटे खात रचायचं. इथे रचायचं काम दुसरा कोणीतरी करतो. हा 'दुसरा कोणीतरी' कोण, यातच या खेळाचा निम्मा इतिहास आहे.

हा खेळ अमेरिकेत आला तो डच आणि जर्मन लोकांबरोबर, आणि तेव्हा पिना नऊ होत्या. वॉशिंग्टन अर्व्हिंगच्या १८१९ सालच्या 'रिप व्हॅन विंकल' या गोष्टीत डोंगरातली भुतं नऊ पिनांचा खेळ खेळतात आणि त्या चेंडूंचा आवाज म्हणजे ढगांचा गडगडाट, असं आहे. नऊच्या दहा कशा झाल्या, याची एक खमंग गोष्ट सांगतात. कनेटिकट राज्याने १८४१ मध्ये जुगार वाढला म्हणून नऊ पिनांच्या खेळावर बंदी घातली, तेव्हा लोकांनी एक पीन वाढवली आणि म्हणाले, हा तो खेळच नव्हे! गोष्ट छान आहे, पण दहा पिनांचे उल्लेख त्याआधीचेही सापडतात, त्यामुळे ती गोष्ट म्हणूनच घ्यावी. नक्की असं, की १८९५ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये 'अमेरिकन बोलिंग काँग्रेस' स्थापन झाली आणि तिने पट्टीची मापं, पिनांची मापं, गुणांची पद्धत सगळीकडे एक केली. लागोपाठ बारा वेळा दहाच्या दहा पिना पाडल्या तर तीनशे गुण, त्याच्यावर काही नाही. बायकांनी स्वतःची वेगळी संघटना १९१६ मध्ये सेंट लुईसला काढली.

आता तो रचणारा. लाकडी पट्टीच्या टोकाला, पिनांच्या मागे, एका फळीवर पाय वर घेऊन एक पोरगा बसलेला असे. चेंडू येऊन आदळला की खाली उडी मारायची, पडलेल्या पिना उचलायच्या, जागेवर मांडायच्या, चेंडू परतीच्या घसरगुंडीवर टाकायचा आणि पुन्हा वर चढायचं, कारण पुढचा चेंडू निघालेला असे. उडालेली पीन तोंडावर बसायची. लुईस हाइन या छायाचित्रकाराने बालमजुरीविरुद्धच्या समितीसाठी देशभर फोटो काढले, त्यात १९१० चा ब्रुकलिनच्या बोलिंग ॲलीतला एक आहे. वेळ रात्री एकची. फोटोखाली त्याने नोंद केली आहे, की याहून लहान तीन मुलांना मालकाने फोटोत येऊ दिलं नाही. माझ्या वर्गातली, एस.टी. स्टँडवरच्या कँटीनमध्ये पहाटे कपबश्या विसळून येणारी आणि दुसऱ्या तासाला पेंगणारी मुलं मला आठवली. पेंगताना ती जी मान टाकायची, ती फोटोतल्या मुलांचीही तशीच आहे.

ही पोरं गेली ती मायेपोटी नव्हे, यंत्रापोटी. गॉटफ्रीड श्मिट नावाच्या माणसाने पिना मांडणारं यंत्र बनवलं, एएमएफ कंपनीने ते घेतलं, १९४६ मध्ये बफेलोच्या स्पर्धेच्या वेळी लोकांना दाखवलं आणि १९५० चं दशक सुरू होताना ते बाजारात आलं. मागोमाग ब्रन्सविक कंपनीचं आलं. मग या धंद्याला जे उधाण आलं ते विचारू नका. उपनगरं वाढत होती, घरोघरी गाडी आली होती, आणि पोरं मिळण्यावर काही अडत नव्हतं. पूर्वी बोलिंग म्हणजे दारूच्या गुत्त्याच्या तळघरातली पुरुषांची जागा. ती आता 'फॅमिली'ची झाली. वातानुकूलन, बायकांसाठी दुपारच्या लीग, लहान मुलं सांभाळायला पाळणाघर. १९६० च्या दशकाच्या मध्यात देशात अकरा-बारा हजार बोलिंग केंद्रं होती. आमच्या लेकीचं ॲक्रन यात मोठं मानाचं गाव. धंदेवाईक बोलिंगपटूंची संघटना १९५८ मध्ये एडी एलियास या वकिलाने तिथेच काढली आणि टायरवाल्या फायरस्टोन कंपनीच्या नावाची मोठी स्पर्धा १९६५ पासून वर्षानुवर्षं तिथे होत असे, टीव्हीवर दिसे. नातवाला हे माहीत नव्हतं. गावची माणसं गावाचा इतिहास शेवटी वाचतात, हे तिथेही आपल्यासारखंच.

वेस्ट व्हर्जिनियातल्या एका आठ पट्ट्यांच्या ॲलीत मालकाने नातवाला मागे नेऊन यंत्रं दाखवली. मीही गेले, मला कोण अडवणार! पडलेल्या पिना एका फिरत्या पट्ट्यावरून मागे जातात, एक मोठं चाक त्यांना पाळण्यासारखं वर उचलतं आणि वरून एकेक आपापल्या खाचेत जाऊन बसते. यंत्रं साठ वर्षांपूर्वीची, अजून चालतात. मालकांच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर आणि हात कोपरापर्यंत तेलाने काळे. म्हणाले, सुटे भाग मिळत नाहीत, बंद पडलेल्या ॲलींतून जुनी यंत्रं आणून ती मोडून वापरतो. दुरुस्ती येणारा माणूस त्या तालुक्यात आता दुसरा नाही. (तिथे काउंटी म्हणतात, पण तालुकाच तो.) पुढे व्हर्जिनियात एका ठिकाणी पिनांना वरून दोऱ्या बांधलेल्या होत्या. पडल्या की कळसूत्री बाहुल्यांसारख्या वर ओढल्या जातात आणि पुन्हा खाली येतात. खर्च कमी, मेकॅनिक नको. नातवाने नाक मुरडलं, आवाजच वेगळा येतो म्हणाला. तिथल्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ मध्ये या दोरीवाल्या खेळालाही मान्यता दिली, पण वेगळा वर्ग म्हणून.

मला भावला तो त्या गावातल्या लीगचा प्रकार. ठरलेला वार, ठरलेले चारपाच जणांचे संघ, पाठीवर दुकानाचं नाहीतर चर्चचं नाव असलेले शर्ट. ट्रक चालवणारा आणि बँकेतला अधिकारी एका संघात. पूर्ण दहा पडल्या की एकमेकांच्या हातावर टाळी, एकही न पडली तरी टाळी. आपल्याकडच्या भजनी मंडळाची आठवण झाली. सूर लागो न लागो, गुरुवारी यायचं. रॉबर्ट पुटनम या प्राध्यापकांनी १९९५ च्या लेखात आणि पुढे २००० साली आलेल्या 'बोलिंग अलोन' या पुस्तकात हेच धरलं. १९८० ते १९९३ या काळात अमेरिकेत बोलिंग खेळणारे दहा टक्क्यांनी वाढले, पण लीगमध्ये खेळणारे चाळीस टक्क्यांनी घटले. त्यांचा मुद्दा असा, की माणसं खेळतात, पण बांधून घेत नाहीत. केंद्रंही कमी होत होत २०१० च्या दशकात चार हजारांच्या घरात आली. काहींचे गोडाऊन झाले, काहींच्या पट्ट्या कापून टेबलं केली. नॉर्थ कॅरोलिनात अशाच एका टेबलावर आम्ही पराठे सोडून खाल्ले. लाकडात निशाणाचे बाण तसेच होते.

पण पुटनमसाहेब ज्या चांगल्या दिवसांबद्दल लिहितात, त्या दिवसांत या दारातून आत कोण येऊ शकत होतं? माझा तिसरा प्रश्न हा. ज्या बोलिंग काँग्रेसने मापं एक केली, तिच्या घटनेत सभासद गोरे पुरुषच असतील असं कलम होतं. काळ्या खेळाडूंनी शेवटी १९३९ मध्ये डेट्रॉइटला स्वतःची वेगळी संघटना काढली. बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये आला, तरी बोलिंगचं कलम जागच्या जागी. मोटार कामगारांची युनियन, काळ्यांच्या संघटना, जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांची संघटना यांनी एकत्र दबाव आणला, कोर्टकज्जे झाले, तेव्हा १९५० मध्ये ते कलम गेलं. कलम गेलं म्हणजे कागदावरून गेलं. दार ज्याच्या त्याच्या मालकाच्या हातात होतं.

कोलंबियाला ७७ संपतो. तिथून चार्ल्सटनकडे निघालं की वाटेत ऑरेंजबर्ग हे गाव लागतं. इथे थांबायचं हे मात्र मी सांगितलं होतं. लेकीने आदल्या रात्री हॉटेलात वाचून दाखवलं होतं, आणि मला झोप आली नाही.

गावात काळ्या विद्यार्थ्यांची दोन कॉलेजं, शेजारी शेजारी. त्यांच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर गावातली एकुलती एक बोलिंग ॲली, ऑल स्टार. तिथे फक्त गोऱ्यांना प्रवेश. १९६४ चा नागरी हक्क कायदा येऊन साडेतीन वर्षं झाली होती, तरी मालकाचं म्हणणं, कायद्यात हॉटेलं आहेत, नाट्यगृहं आहेत, बोलिंग ॲली लिहिलेली नाही. विद्यार्थ्यांच्या बाजूचं म्हणणं, आत खाण्याचा काउंटर आहे, म्हणजे कायदा लागू. १९६८ च्या ५ फेब्रुवारीला विद्यार्थी गेले, मालकाने ॲली बंद केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, काहींना अटक झाली, बाहेर गर्दी जमली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, त्यात मुलीही होत्या. परतताना चिडलेल्या मुलांनी काचा फोडल्या. गव्हर्नरने नॅशनल गार्ड बोलावलं. ८ तारखेला रात्री साउथ कॅरोलिना स्टेट कॉलेजच्या आवाराच्या कडेला मुलांनी शेकोटी पेटवली. थंडीचे दिवस. कोणीतरी फेकलेलं लाकूड एका पोलिसाला लागलं. थोड्या वेळाने हायवे पोलिसांनी छऱ्यांच्या बंदुका झाडल्या. काही सेकंदच. तीन मुलं मेली. सॅम्युएल हॅमंड, हेन्री स्मिथ आणि डिलानो मिडलटन. यातला डिलानो तर कॉलेजातलाही नव्हता, सतरा वर्षांचा हायस्कूलचा मुलगा. त्याची आई कॉलेजात कामाला होती. सत्तावीस-अठ्ठावीस जखमी. बहुतेकांना गोळ्या पाठीत, कुशीत, पायाच्या तळव्यांत लागलेल्या. म्हणजे ती मुलं पळत होती, नाहीतर जमिनीवर पालथी पडलेली होती. मुलांनीही गोळ्या झाडल्या अशा बातम्या आल्या, पण मुलांकडे बंदुका असल्याचा पुरावा कधी मिळाला नाही. नऊ पोलिसांवर खटला झाला, १९६९ मध्ये सगळे सुटले. तुरुंगात गेला तो एकच माणूस, क्लीव्हलँड सेलर्स, तोही त्या रात्री छरे लागून जखमी झालेला, चळवळीतला तरुण. दंगलीचा आरोप. सात महिने काढले. १९९३ मध्ये राज्याने त्याला माफी दिली. कशाबद्दलची माफी, हे मी जावयांना विचारलं. ते गप्प बसले.

दोन वर्षांनी, १९७० च्या मेमध्ये, केंट स्टेटला चार विद्यार्थी मेले. ते गोरे होते, ते जगभर गाजलं, आणि ते कॉलेज लेकीच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. नातवाला केंट स्टेट ठाऊक होतं. ऑरेंजबर्ग नाही.

मी १९६८ च्या फेब्रुवारीत अठराव्या वर्षात होते. कराडला प्री-डिग्रीला. ११ डिसेंबरला कोयनेचा भूकंप झाला होता आणि धक्के थांबत नव्हते, आम्ही थंडीत अंगणात झोपायचो, शेकोटी करायचो. पेपरमध्ये कोयनाच. सॅम्युएल हॅमंडही तेव्हा अठरा वर्षांचा होता. मला ही बातमी छप्पन्न वर्षांनी कळली.

जावई म्हणाले, "पण आई, एका खेळाच्या जागेसाठी?" त्यात वावगं काही नव्हतं, तो प्रश्न कोणालाही पडेल. मी त्यांना महाडचं सांगितलं. चवदार तळ्याचंच पाणी प्यायलं नाही म्हणून कोणी तहानेने मरत नव्हतं, असं १९२७ मध्येही म्हणणारे होते. हा धडा मी दर वर्षी शिकवला आहे. मुलं हाच प्रश्न विचारायची, आणि बहुतेक वेळा पहिल्या बाकावरची.

ती ॲली एका छोट्या बाजारसंकुलात आहे. गोळीबारानंतर त्याच महिन्यात न्यायालयाने काळ्यांना प्रवेश देण्याचा हुकूम केला आणि ते तिथे जाऊन खेळले. पुढे जवळजवळ चाळीस वर्षं ती ॲली चालू होती, २००७ मध्ये बंद झाली. १९९६ पासून ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आहे. ती दुरुस्त करून पुन्हा पट्ट्या चालू करायच्या आणि सोबत नागरी हक्कांचं संग्रहालय करायचं, अशी खटपट काही वर्षं चालू आहे. आम्ही गेलो तेव्हा दार बंद होतं. नातवाने काचेला कपाळ टेकून आत पाहायचा प्रयत्न केला. मग आम्ही कॉलेजात गेलो. तिथल्या व्यायामशाळेला तिघांची नावं आहेत, आवारात स्मारक आहे. सुट्टीमुळे शुकशुकाट होता. नातवाने तिन्ही नावं हळू आवाजात वाचली, आणि मिडलटनशी थांबून म्हणाला, "आजी, हा माझ्याहून एकाच वर्षाने मोठा."

त्या दिवशीचे तीन डाव राहिले. कोणी विषय काढला नाही. चार्ल्सटनला पोचायला सव्वा तास लागला. तिथला समुद्र, आणि यादवी युद्धाचा पहिला तोफगोळा जिथे पडला तो फोर्ट समटर, याबद्दल पुढच्या वेळी लिहीन. आमच्या ह्यांनी बोटीत काय गंमत केली तेही तेव्हाच सांगेन.